दरोबस्त

मागच्या महिन्यात पुतण्यानं माझाच कागद माझ्या हातात परत ठेवला, लाल शाईनं रंगवून. वहिनींचं पोहा रस्त्याला सव्वादोन एकर वावर आहे. ते हयातीतच पोराच्या, म्हणजे याच पुतण्याच्या, नावानं करून द्यायचं त्यांच्या मनात आहे, म्हणून मी बक्षीसपत्राचा मसुदा हातानं लिहून काढला होता. कारंज्याच्या तहसील कचेरीबाहेर टेबल टाकून चाळीस वर्षं मी हेच केलं. वडील अर्जनवीस होते, मी दस्तलेखक. पाटी बदलली, टेबल तेच. आता दस्त संगणकावर निघतात आणि माझे डोळेही थकले, पण घरचं काम दुसऱ्याच्या हातात कशाला द्यायचं?

पुतण्या पुण्याला कंपनीत असतो. हुशार आहे, वाचन दांडगं आहे. माझ्या दीड पानात त्यानं एकतीस शब्द खोडले होते. जमीन, हद्द, वारस, ताबा, हरकत, तकरार, नक्कल, साक्षीदार, तारीख, सही. मथळ्यातलं ‘बक्षीस’सुद्धा सोडलं नव्हतं.

“काकाजी, मराठी आता अभिजात झाली,” तो म्हणाला. “हे सगळं फारसी-अरबी आहे. किती दिवस वागवायचं?”

ऑक्टोबर २०२४ मध्ये तो दर्जा मिळाला तेव्हा मीही पेढे वाटले होते, त्यामुळे एकदम अंगावर जाता येईना. रात्री जेवताना त्यानं मूळ मुद्दा काढला. अरबांनी इराण जिंकला आणि त्यांची भाषा दाबली. इराणी लोक पुढं उठले, पण उशिरा. तेच शे-दीडशे वर्षं आधी उठले असते, आपला जुना धर्म आणि जुनी भाषा घेऊन उठले असते, तर ही ब्याद आपल्या दारात आलीच नसती. मराठी स्वच्छ राहिली असती.

जर-तरचा हा खेळ मला आवडतो. दस्तलेखकाचा धंदाच ‘जर’ आणि ‘तर’ यांवर चालतो: जर लिहून देणार यांनी मुदतीत रक्कम फेडली नाही, तर. फक्त ‘जर’ लिहिलं की ‘तर’ शेवटपर्यंत न्यावं लागतं, मधेच सोडून चालत नाही. पुतण्यानं तो मधेच सोडला आहे, असं माझं म्हणणं आहे.

इराणचा शेवटचा सासानी राजा यज्दगिर्द ६५१ साली मर्वजवळ मारला गेला. तोही एका पिठाच्या चक्कीवाल्याच्या हातून, असं सांगतात. राज्य गेलं, पण कचेरी गेली नाही. अरब सरदारांना लढता येत होतं, जमाबंदीचे हिशेब ठेवता येत नव्हते. त्यामुळे इराकमधला वसुलीचा सगळा कारभार पुढं जवळपास पन्नास वर्षं जुन्या इराणी कारकुनांकडेच राहिला, त्यांच्याच भाषेत. या कारकुनाला तेव्हा ‘दबीर’ म्हणत. आपल्याकडं डबीर आडनाव आहे ना, तोच हा शब्द. ‘लिपी’ हा शब्दसुद्धा मुळात जुन्या इराणी ‘दिपी’वरून आला, असं विद्वान मानतात. अशोकाच्या वायव्येकडच्या शिलालेखांत तो ‘दिपी’ असाच आहे. पुतण्याला हे सांगितलं तेव्हा त्यानं पेन्सिल खाली ठेवली.

इ.स. ७००च्या आसपास इराकचा सुभेदार हज्जाज यानं दफ्तर अरबीत करायचं ठरवलं. दफ्तराचा मुख्य होता जादानफर्रुख नावाचा दबीर. तो एका दंग्यात मारला गेला आणि त्याच्या हाताखालचा सालिह पुढं आला. हा सालिह कोण? सिस्तानातून धरून आणलेल्या इराणी कैद्याचा मुलगा. दोन्ही भाषा पक्क्या येणारा. जादानफर्रुखच्या मुलानं त्याला गाठलं आणि आपल्या धंद्यातला सगळ्यात अवघड प्रश्न टाकला: दहावा हिस्सा, विसावा हिस्सा अरबीत कसा मांडशील? सालिह म्हणाला, दहावा असा, आणि विसाव्याला दहाव्याचा निम्मा म्हणेन. मग मुलानं एक लाख दिरहम पुढं केले. एवढंच कर, हज्जाजला सांग की हे जमत नाही. सालिहनं पैसे नाकारले. त्या मुलानं शाप दिला की फारसीचं मूळ तू तोडलंस, तसं देव तुझं मूळ तोडो.

नवव्या शतकातल्या बलाधुरी या इतिहासकारानं ही हकीकत लिहून ठेवली आहे. चिरीमिरीचे शंभर प्रकार मी ऐकलेत, पण भाषा कचेरीत राहावी म्हणून कोणी लाख मोजायला निघाला, असं हे एकच. आणि हाच हज्जाज, ज्यानं पुढं ७११ साली महंमद बिन कासिमला सिंधवर धाडलं. म्हणजे फारसी दफ्तराबाहेर गेली आणि अरब फौज सिंधूच्या काठाला आली, दोन्ही एकाच माणसाच्या हुकमानं, दहा-बारा वर्षांच्या फरकानं.

आता पुतण्याचा ‘जर’. लवकर उठलेले इराणी नव्हतेच असं नाही. ७५५ साली अबू मुस्लिम या सेनापतीला खलिफानं दगा देऊन मारलं, तेव्हा निशापूरकडून सुनबाद नावाचा अग्निपूजक उठला. सत्तर दिवसांत संपला. मग अझरबैजानच्या डोंगरात बाबक, ८१६ ते ८३७. वीस वर्षं त्यानं खलिफाच्या फौजा पिटाळल्या. त्याला धरलं ते अफशीन या सेनापतीनं, जो स्वतः मध्य आशियातल्या इराणी राजघराण्यातला होता. सालिहचीच गोष्ट पुन्हा.

धरून चालू की बाबक जिंकला. तर काय? तर जुना धर्म, जुने पुरोहित आणि जुनी पहलवी लिपी परत आली असती. ही पहलवी कशी होती? तिच्यात शेकडो शब्द लिहायचे अरमाईत आणि वाचायचे इराणीत. लिहायचं ‘मलका’, वाचायचं ‘शाह’. आमच्या वडिलांची मोडी वाचताना लोक घामाघूम होत, पण मोडीत निदान ‘राजा’ लिहिलेलं ‘राजा’च वाचत. अशी लिपी तिच्या पुरोहितांच्या आणि दबीरांच्या घराण्यांबाहेर कोण शिकणार? बुखाऱ्याचा तुर्क शिकला नसता, दिल्लीचा अमीर शिकला नसता, आणि कारंज्याचा कुळकर्णी तर मुळीच नाही. भाषा शुद्ध राहिली असती आणि डोंगरात राहिली असती.

झालं ते उलटं. सिस्तानचा याकूब हा तांबट. ८७६ साली तो बगदादवर चालून गेला आणि बगदादच्या अलीकडंच हरला. पण त्याच्या आधी, हेरातच्या विजयानंतर कवींनी अरबीत स्तुती गायली, तेव्हा तो म्हणाला की मला कळत नाही ते माझ्यासमोर कशाला म्हणता. त्याच्या चिटणीसानं मग फारसीत कविता केली. कविता ऐकणारा तांबट होता, लिपी अरबी होती, धर्म इस्लाम होता, बरेच शब्द बाहेरचे होते, आणि भाषा तरीही फारसीच होती. पुढं बुखाऱ्याच्या सामानी राजांनी तीच उचलली. १०१० साली फिरदौसीनं शाहनामा पुरा केला, आणि त्याची भाषा कितीही निवडक असली तरी तो लिहिला अरबी लिपीतच. ही भेसळीची फारसी तुर्कांनी कचेरीची भाषा म्हणून घेतली, कारण ती घेताना त्यांना धर्म किंवा लिपी बदलावी लागत नव्हती. म्हणूनच ती चालत चालत आमच्यापर्यंत आली.

आणि ती आली नसती तर तुर्क आलेच नसते, असं पुतण्याला वाटतं का? अल्लाउद्दीन खिलजी १२९६ साली आमच्या अचलपुरावरूनच देवगिरीला गेला. त्याला तलवार चालवायला फारसीची गरज नव्हती. फारसी नसती तर त्याचं दफ्तर निव्वळ अरबीत असतं, नाहीतर तुर्कीत.

इथं माझ्या धंद्यातला एक बारकावा सांगतो. अरबी शब्द आतून मोडतो. किताब, कातिब, मकतूब: मुळातली तीन अक्षरं तीच, मधले स्वर फिरतात. त्यातलं काही सुटं काढून आपल्या शब्दाला लावता येत नाही. फारसी शब्दाचं शेपूट मात्र सुटं निघतं. ‘दार’ घ्या. तहसीलदार, फौजदार हे आलेच. पण मराठी माणसानं ते शेपूट काढून आपल्या शब्दांना लावलं: साक्षीदार, ठेवीदार, खातेदार, डौलदार, पाणीदार. १९२७ साली महाडला ज्या तळ्याचं पाणी प्यायल्यानं इतिहास घडला ते चवदार तळं. चव आपली, दार त्यांचं. आता ते सुधारून सुरस तडाग म्हणायचं का? आणि शुद्ध मराठीची भाषणं ठोकणारे आमदार-खासदार आधी स्वतःची पाटी बदलतील का?

आणि हा ‘दार’ परका तरी किती? फारसीत त्याचा अर्थ धरणारा. संस्कृतातल्या ‘धृ’ धातूचा तो सख्खा चुलत भाऊ. गिरिधर म्हणजे गिरी धरणारा, तहसीलदार म्हणजे तहसील धरणारा. बाजू म्हणजे फारसीत दंड, आपला बाहू. बंद आणि बंध. पुतण्यानं सगळ्यात आधी खोडली ती ‘जमीन’, आणि तिचं नातं संस्कृतातल्या ‘क्ष्मा’शी, म्हणजे पृथ्वीशी आहे. हजारो वर्षांपूर्वी वेगळं निघालेलं भावकीतलं घर परत शेजारी राहायला आलं, तर त्याची चूल आपल्याला ओळखीची वाटते. म्हणून फारसी आपल्यात इतकी मुरली.

आमच्या गावाचंच पाहा. १३४७ साली देवगिरीच्या किल्ल्यात हसन नावाचा सरदार सुलतान झाला आणि त्यानं नाव घेतलं बहमन. कोण बहमन? इस्फंदियारचा मुलगा, इराणच्या पुराणातला, इस्लामच्या कितीतरी आधीचा राजा. फिरिश्ता हा इतिहासकार वेगळीच गोष्ट सांगतो, की हसन दिल्लीत गंगू नावाच्या ब्राह्मण ज्योतिषाच्या पदरी होता, त्याच्या आठवणीत बहमनी. इतिहासकार ती मानत नाहीत. पण मराठी मुलखात गादीवर बसणाऱ्या मुसलमान सुलतानाला अग्निपूजकांचा पूर्वज मिरवावासा वाटला, हे नाकारता येत नाही. पुतण्या ज्याला इराणचं पुनरुत्थान म्हणतो ते इथं, महाराष्ट्रात, असं पोचलं. वऱ्हाड हा त्या राज्याच्या चार तरफांपैकी एक.

परंपरेनं नृसिंह सरस्वतींचा जन्म आमच्या कारंज्यात १३७८चा. त्याच साली गुलबर्ग्याला दुसरा महंमद बहमनी गादीवर आला, ज्यानं शिराजहून कवी हाफिजला बोलावणं धाडलं होतं. हाफिज होर्मुझपर्यंत आला, जहाजात चढला, वादळ झालं, उतरला, आणि स्वतः येण्याऐवजी गझल पाठवून दिली, असं फिरिश्ताच लिहितो. (आमच्याकडंही असे पाहुणे असतात.) ते कारंज्याचं मूल पुढं गाणगापूरला गेलं, आणि गुरुचरित्रात बिदरचा यवन राजा फोड घेऊन त्याच्याच पायाशी येतो. दरवर्षी गुरुमंदिरात सप्ताह बसतो, पोथी वाचली जाते, ती गोष्ट सगळे ऐकतात. ती ऐकून घरी आलेला माणूस दुसऱ्या दिवशी माझ्या टेबलाशी येऊन ‘दस्त करायचा आहे’ म्हणायचा. दोन्ही गोष्टी त्याला आपल्याच वाटत.

या गावाला ‘कारंजा बीबी’ असंही म्हणत. निजामशाही राजकन्येला हे गाव आंदण दिलं होतं म्हणून, असं जुने लोक सांगतात. चार वेशी: दिल्ली, दारव्हा, मंगरूळ, पोहा. बाजार इतका भरलेला की १६७० साली शिवाजी महाराजांनी सुरतेनंतर कारंजा लुटलं, तेव्हा माल वाहायला चार हजार बैल आणि गाढवं लागली, असं सांगतात. गावातला सगळ्यात मोठा सावकार मात्र लुगडं नेसून निसटला, कारण बाईमाणसाला हात लावायचा नाही हा महाराजांचा नियम त्याला ठाऊक होता.

इथं पुतण्यानं हुकमाचं पान टाकलं. महाराजांनीच फारसी काढली ना? काढली, खरं आहे. १६७४च्या राज्याभिषेकाच्या वेळी मुजुमदाराचा अमात्य झाला, वाकनिसाचा मंत्री, सरनौबताचा सेनापती, आणि आपल्या त्या डबीराचा सुमंत. रघुनाथपंतांकडून राजव्यवहारकोश करवून घेतला, फारसी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द देणारा. इतिहासाचार्य राजवाड्यांनी जुनी पत्रं घेऊन शब्द मोजले होते: १६२८च्या पत्रात शंभरांत पंच्याऐंशी शब्द फारसीचे, १७२८च्या पत्रात जेमतेम सहा. हे मी मान्य करतो, आणि अभिमानानं करतो. तेव्हाची पंच्याऐंशी टक्के फारसी ही भाषा नव्हती, हुकूम होता. रयतेला न कळणारा. महाराजांनी तो रयतेच्या तोंडच्या बोलीजवळ आणला.

पण त्याच यादीतला पेशवा पाहा. त्याला ‘मुख्य प्रधान’ केलं होतं. लोकांनी ऐकलं नाही. पुढं जवळपास दीडशे वर्षं, सातारच्या शिक्क्यावर काहीही असो, लोकांच्या तोंडी पेशवाच. कवी माधव जूलियन यांची गोष्ट तशीच आहे. १९२५ साली त्यांनी फारसी-मराठी कोश केला, उमर खय्याम मराठीत आणला, आणि १९३८ साली ‘भाषाशुद्धिविवेक’ लिहिला. फारसी इतकी जवळून पाहिलेला माणूस तिच्याविरुद्ध उभा राहिला. त्यांना मी दोष देत नाही. पण आज गावात विचारलं तर त्यांचं नाव गझलेसाठी निघतं, त्या पुस्तकासाठी नाही.

माझ्या मसुद्यात एक वाक्य आहे, वडिलांकडून आलेलं: ‘जल, तरू, तृण, काष्ठ, पाषाण, निधी, निक्षेप यांसह दरोबस्त’. वावरातलं पाणी, झाडं, गवत, लाकूड, दगड, पुरलेलं धन, ठेवलेलं धन, सगळं. यातले सात शब्द संस्कृत, यादवांच्या काळच्या दानपत्रांतून आलेल्या साच्यातले. आठवा ‘दरोबस्त’ फारसी, म्हणजे काहीही न वगळता, सगळंच्या सगळं. पुतण्यानं सातांना हात लावला नाही. आठवा खोडून वर ‘संपूर्ण’ लिहिलं. चुकीचं नाही. पण कोणत्या तरी जुन्या कारकुनानं एका बाजूला राज्य गेलेलं आणि दुसऱ्या बाजूला राज्य आलेलं पाहिलं, आणि दोघांचे शब्द एका ओळीत शेजारी बसवले, कारण त्याला पक्षकाराचं वावर राखायचं होतं. त्या कारकुनाला मी मानतो. त्याचं नाव कोणी लिहून ठेवलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी वहिनी तूर पाखडत अंगणात बसल्या होत्या. सही त्यांचीच लागणार, म्हणून मी म्हटलं, दोन्ही वाचून दाखवू. आधी पुतण्याचा वाचला. ‘सदर भूमीवर माझ्या अन्य उत्तराधिकाऱ्यांचा कोणताही प्रत्यवाय नाही.’ वहिनी ऐकत राहिल्या. सूप थांबलं.

“भाऊजी, हे कोनाचं वावर हाय?”

मग माझा वाचला. ‘सदर जमिनीस माझ्या इतर वारसांची हरकत नाही.’ त्या लगेच म्हणाल्या, “काहून राहीन हरकत? दोन्ही पोरींनी तर स्वतः सांगतलं.” आणि सूप पुन्हा चालू झालं. थोड्या वेळानं पोराकडं न पाहता एवढंच म्हणाल्या, “तुह्या कागदात मी कुठंच नाही रे बाप्पा.”

पुतण्या बराच वेळ गप्प होता. मग त्यानं रबर मागितलं. लाल शाईला रबर लागत नाही, म्हणून मी नवीन कागद काढला आणि त्यालाच लिहायला बसवलं. एकतीसपैकी एकोणतीस शब्द परत आपल्या जागी गेले. तारखेचा दिनांक त्यानं ठेवला, नकलेची प्रतही ठेवली. माझी काही हरकत नव्हती. दोन्ही शब्द वहिनींना कळतात, आणि शब्दाला चाळणी लावायचीच असेल तर मला तेवढीच माहीत आहे. ‘दरोबस्त’ म्हणजे काय, हेही त्यांना विचारून घेतलं होतं. त्या म्हणाल्या, सगळंच.

येत्या सोमवारी आम्ही नोंदणीला जातो आहोत. साक्षीदार दोन लागतात. एक मी आहे.